कोबी, मिनी माउस आणि कंट्रोलचं दुकान

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले ब्रिटिश आणि अमेरिकन सरकारी लघुपट हल्ली इंटरनेटवर सहज सापडतात. कोबी कसा शिजवावा, आंघोळीला पाणी किती घ्यावं, तव्यातली चरबी कशी साठवावी! डोक्यावर बाँब पडताहेत आणि सरकार बायकांना स्वयंपाक शिकवतंय, हे बघून हसू येतं. लोक हे खरंच बघत होते का? त्याचा काही उपयोग झाला की पैसा पाण्यात गेला? आणि मुंबईतही त्या वेळी रेशन होतं, तर आपल्याकडे असे सिनेमे निघाले का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : लोक बघत होते, कारण तिकीट काढून आत बसल्यावर उठून जाणार कुठे? उपयोग झाला, पण सगळ्या देशांत सारखा नाही. आपल्याकडेही असे सिनेमे निघाले. त्यांची तऱ्हा वेगळी होती, म्हणून त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी कोबीचं बघू. युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नापैकी जवळजवळ दोन तृतीयांश अन्न समुद्रापलीकडून आणत असे. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा जहाजातली जागा गव्हाला द्यायची की दारूगोळ्याला, हा रोजचा हिशेब होऊन बसला. ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली. मग मांस, चहा, चीज. १९४१ मध्ये कपडे, १९४२ मध्ये साबण आणि पोरांच्या गोळ्या-चॉकलेटंसुद्धा. मोठ्या माणसाला आठवड्याचा चहा २ औंस, म्हणजे ५७ ग्रॅम. आपल्याकडच्या चहाबाज घराने हिशेब करून बघावा : माणशी दिवसाला तीन-साडेतीन कप, तेही बेतानेच. अंडं आठवड्याला एक, आणि तेही दुकानात आलं तर.

बटाटा, कोबी, गाजर, सलगम यांवर मात्र रेशन नव्हतं. गृहिणीच्या हातात मोकळेपणाने उरलं होतं ते एवढंच, आणि सरकारचं सगळं लक्ष त्यावरच. इंग्रज स्वयंपाकघरात कोबी भांडंभर पाण्यात लगदा होईपर्यंत उकळायचा आणि ते पाणी मोरीत ओतायचं, अशी रीत होती. संत्री, लिंबं मिळेनाशी झाली असताना कोबीतलं ‘क’ जीवनसत्त्व रोज असं वाहून जात होतं. म्हणून १९४१ मध्ये ‘टू कुक्स अँड अ कॅबेज’ हा लघुपट निघाला. एक बाई कोबीची वाट लावते, दुसरी तो थोड्या पाण्यात, झटपट शिजवते. गोष्ट एवढीच. आज तो बघताना हसू येतं खरं, पण ज्या देशात जहाज येईल की नाही याची खात्री नव्हती, तिथे हा विषय बाँबइतकाच गंभीर होता.

हे काम ज्या अन्न मंत्रालयाकडे होतं, त्याचे मंत्री एप्रिल १९४० पासून लॉर्ड वूल्टन. हे गृहस्थ मूळचे राजकारणी नव्हेत. मोठमोठी दुकानं चालवण्यात त्यांची हयात गेलेली. गिऱ्हाइकाला दमात घेऊन माल खपत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या मंत्रालयाने सिनेमाचा जो उपयोग केला, तो मला आजच्या जाहिरातवाल्यांनीही बघावा असा वाटतो. ‘फूड फ्लॅश’ नावाचे अगदी चिमुकले तुकडे त्यांनी काढले. काही तर जेमतेम पाव मिनिटाचे. १९४२ पासून १९४६ पर्यंत असे सुमारे २०० निघाले आणि ते चित्रगृहातल्या वार्तापटात घालून दाखवले जात. या आठवड्यात बटाटा मुबलक आहे, तो खा. पाव टाकू नका. अंड्याची भुकटी अशी भिजवा. प्रेक्षकाने कंटाळून कूस बदलायच्या आत खेळ खलास.

आणि प्रेक्षक किती? १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे १ कोटी ९० लाख तिकिटं खपत. १९४५ पर्यंत हा आकडा ३ कोटींवर गेला. टेलिव्हिजन नुकतं कुठे बाळसं धरत होतं, ते सरकारने युद्धाच्या तोंडावर बंदच केलं होतं. अंधाऱ्या, थंडगार रस्त्यांच्या त्या शहरांत ऊब आणि उजेड मिळण्याची जागा म्हणजे थिएटर. त्यामुळे हॉलिवूडच्या क्लार्क गेबलला बघायला गेलेल्या माणसाला कोबीही बघावा लागे.

या सगळ्या पसाऱ्यात माझा आवडता माणूस म्हणजे रिचर्ड मॅसिंगहॅम. पेशाने डॉक्टर, लंडनच्या तापाच्या रुग्णालयात वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी. पुढे डॉक्टरकी सोडून सिनेमाच्या नादी लागला. अंगाने भरलेला, चेहऱ्यावर कायम गोंधळलेला भाव. आपल्या सिनेमांत तो स्वतःच बावळट नागरिकाचं काम करी. कोळसा वाचवण्यासाठी गरम पाणी कमी वापरा, टबात पाच इंचांपेक्षा जास्त पाणी नको, असं सरकारचं आवाहन होतं. त्यावर मॅसिंगहॅमने १९४२ मध्ये ‘द फाइव्ह इंच बादर’ काढला. एवढा धिप्पाड माणूस, एवढंसं पाणी आणि त्यात अंग बुडवायची त्याची धडपड! उपदेशाचा एक शब्दही अंगावर येत नाही. प्रेक्षक हसतो तो स्वतःलाच, कारण सकाळी घरी त्यानेही हेच केलेलं असतं.

पाच इंचांची गोष्ट राजवाड्यापर्यंत पोचली होती. १९४२ च्या ऑक्टोबरात अमेरिकन अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट बकिंगहॅम राजवाड्यात उतरल्या, तेव्हा त्यांना टबात पाच इंचांवर आखलेली रेघ दिसली. जेवणही रेशनचंच, फक्त ताटं सोन्या-चांदीची.

उपयोग झाला का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. ब्रिटनमध्ये सिनेमा जे सांगत होता, तेच कोपऱ्यावरचा वाणी करत होता. भाव बांधलेले, वाटा ठरलेला, आणि कार्ड दाखवलं की तेवढा माल बहुतेक वेळा मिळे. सरकारने जुलै १९४० पासून गरोदर बायकांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पिंट दूध स्वस्तात किंवा फुकट द्यायला सुरुवात केली. युद्धाच्या अखेरीस तिथलं अर्भकमृत्यूचं प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा खाली आलं होतं. याचं श्रेय मी सिनेमाला देणार नाही. ते दुधाचं आणि युद्धामुळे मिळालेल्या नोकऱ्यांचं. पण दूध घरी येत होतं म्हणूनच पडद्यावरचा उपदेश लोकांच्या गळी उतरला, हे नक्की.

शिवाय पडद्यामागे कायद्याचा बडगा होताच. अन्नाची नासाडी हा १९४० पासून गुन्हा होता. १९४३ च्या आरंभी लंडनजवळच्या बार्नेटमध्ये एका बाईंना पाव वाया घालवल्याबद्दल १० पौंड दंड झाला. त्यांची मोलकरीण पक्ष्यांना पावाचे तुकडे टाकताना दिसली होती. त्या मोलकरणीलाही ५ शिलिंग.

आता या सिनेमांत काय नव्हतं तेही सांगायला हवं. हॉटेलातलं जेवण रेशनवर नव्हतं. ज्याच्या खिशात पैसे, तो लंडनच्या बड्या हॉटेलात जेवून येई आणि त्याच्या कार्डाचं एक कूपनही कापलं जात नसे. फार बोंब झाली तेव्हा १९४२ मध्ये सरकारने एका जेवणाला पाच शिलिंगांची कमाल मर्यादा घातली. ‘सगळे सारखे’ असं ठासून सांगणाऱ्या लघुपटांत हे हॉटेल तुम्हाला शोधूनही सापडायचं नाही. काळ्या बाजाराची बाजू मात्र त्यांनी दाखवली, ती मांस चोरून विकत घेणाऱ्या गृहिणीची. १९४२ च्या ‘पार्टनर्स इन क्राइम’ मध्ये तिला थेट चोरीचा माल घेणाऱ्याच्या पंक्तीला बसवलं आहे. ही बाई दोषी आणि बड्या हॉटेलात जेवणारा साहेब निर्दोष, हे गणित त्या काळीही अनेकांना खटकलं असणार.

अमेरिकेत टंचाई एवढी नव्हती. साखर १९४२ मध्ये, डबाबंद पदार्थ आणि मांस १९४३ मध्ये रेशनवर आलं. रेशनचे लाल आणि निळे पॉइंट मोजायची पद्धत इतकी किचकट होती, की ती समजावण्यासाठी सरकारने बग्ज बनीच्या स्टुडिओतल्या चक जोन्सकडून एक व्यंगपट करून घेतला. पण सगळ्यात गाजला तो डिस्नेचा १९४२ चा ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इनटू द फायरिंग लाइन’. तुम्ही ‘तव्यातली चरबी’ म्हणता तो हाच असणार. मिनी माउस बेकन तळते आहे. तव्यातली चरबी प्लूटो कुत्र्याच्या ताटलीत ओतणार, तेवढ्यात रेडिओवरचा आवाज तिला थांबवतो. चरबीपासून ग्लिसरीन, ग्लिसरीनपासून स्फोटकं, असा पाठ मिळतो. प्लूटो आधी नाराज होतो, खाऊवर डल्ला पडला म्हणून. मग भिंतीवर लष्करी गणवेशातल्या मिकीचा फोटो दिसतो, आणि तो ताठ उभा राहून सलाम ठोकतो. शेवटी चरबीचा डबा तोंडात धरून स्वारी खाटकाच्या दुकानात. पोराबाळांसकट सगळं घर तीन मिनिटांत कामाला लागावं, अशी ही करामत.

तरी गंमत बघा. चरबी देणाऱ्या बाईला खाटिक पौंडामागे चार सेंट देई. एवढ्यावर भागेना, म्हणून १९४३ च्या अखेरीपासून पैशांबरोबर रेशनचे दोन लाल पॉइंटही मिळू लागले. मिकीच्या फोटोपेक्षा पॉइंट जास्त चालले, असा माझा तर्क. चरबी दिली की थोडं मांस जास्त मिळणार, मग बाई डबा घेऊन जाणारच.

परिणाम मोजायचा प्रयत्न झाल्याचं एक उदाहरण आहे, पण ते रेशनचं नाही, आयकराचं. डिस्नेच्याच १९४२ च्या ‘द न्यू स्पिरिट’ मध्ये डोनाल्ड डक आपला फॉर्म भरतो. धंदा : नट. उत्पन्न : २,५०१ डॉलर. अवलंबून असलेले : तीन पुतणे. कर : १३ डॉलर. गॅलप संस्थेच्या पाहणीत, तो पाहिलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांनी सांगितलं की यामुळे कर भरायची आमची तयारी वाढली. उरलेल्या ६३ टक्क्यांनी बहुधा बदकाला हसून घेतलं. आणि सिनेमाचं ८० हजार डॉलरचं बिल आलं तेव्हा अमेरिकन काँग्रेसने जो गोंधळ घातला, तो आपल्या विधानसभेला शोभला असता.

सगळ्यात मजेशीर फजिती मात्र जर्मनीची. नाझी सरकारनेही घरगुती उपदेशाचे छोटे सिनेमे काढले. १९३९-४० मध्ये ट्रान आणि हेले अशी पुरुषांची जोडगोळी होती : ट्रान साठेबाजी करतो, परदेशी रेडिओ ऐकतो, नाही ते बरळतो, हेले त्याला सरळ मार्गावर आणतो. झालं काय, लोकांना ट्रानच आवडायला लागला! वर्षभरात मालिका गुंडाळावी लागली. यातून काही शिकावं ना? छे. १९४३ च्या सुमारास तीच चूक बायकांच्या जोडीने पुन्हा केली. लीझे शहाणी, कर्तव्यदक्ष. मीझे कुरकुरी, काळ्या बाजारात खरेदी करणारी. मीझेचं काम करणारी ब्रिगिटे मीरा इतकी झकास, की प्रेक्षक तिच्यासाठी थांबू लागले आणि लीझेकडे कुणी ढुंकूनही बघेना. ही मालिकाही बंद. जिला नाठाळ जर्मन गृहिणी म्हणून पडद्यावर उभं केलं होतं, त्या मीराचे वडील ज्यू होते, आणि ही गोष्ट लपवूनच ती त्या राजवटीत जगत होती. जर्मन सिनेमाच्या चाहत्यांनी तिला पुढे दिग्दर्शक फासबिंडरच्या १९७४ च्या ‘अली : फिअर ईट्स द सोल’ मध्ये पाहिलं असेल.

ब्रिटिशांनी हसवलं ते प्रेक्षकाला स्वतःच्या बाजूला घेऊन. मॅसिंगहॅम स्वतःच ट्रान झाला होता, त्याला वळणावर आणायला कुणी हेले ठेवलाच नव्हता. जर्मन जोडीत मात्र एक जण कायम शहाणा आणि वरचढ. असला शहाणा कुणालाच आवडत नाही, तो सरकारी असेल तर मुळीच नाही.

आता आपल्याकडे. मुंबईत २ मे १९४३ पासून धान्याचं रेशनिंग सुरू झालं, देशातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात आधी. कार्ड, कंट्रोलचं दुकान, खडे निवडून हैराण करणारा तांदूळ ही ओळख मराठी घरांना तेव्हापासूनची. सिनेमाची तयारी त्याआधीच झाली होती. १९४० मध्ये मुंबईत ‘फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड’ स्थापन झालं. वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष, आणि विलायतेतून अलेक्झांडर शॉ हा माहितीपटवाला आणलेला. काही काळ आपल्या व्ही. शांतारामांनीही तिथे मुख्य निर्मात्याचं काम पाहिलं. १९४३ मध्ये याचंच ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ झालं, एझ्रा मीर यांच्या देखरेखीखाली. जोडीला ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट.

हे सिनेमे थिएटरात दाखवणं ऐच्छिक नव्हतं. भारत संरक्षण नियमांत तशी तरतूद करून दर खेळाला २,००० फुटांपर्यंत सरकारी फिल्म दाखवण्याची सक्ती झाली, आणि तिचं भाडं थिएटरवाल्याने द्यायचं! २,००० फूट म्हणजे साधारण बावीस मिनिटं. इकडे खुद्द सिनेमाच रेशनवर आलेला. कच्ची फिल्म परदेशातून यायची. ती तुटपुंजी, म्हणून चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली गेली. म्हणजे दोन तासांत कथा, गाणी, विनोद, मारामारी सगळं उरकायचं. आपल्या निर्मात्यांना ही शिक्षाच वाटली. मला विचाराल तर काही चित्रपटांचं त्यात भलं झालं.

मग मुंबईच्या प्रेक्षकाने हे सरकारी लघुपट मनावर घेतले का? कसे घेईल? ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकच्या मैदानावर ‘चले जाव’ चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, आणि तेच सरकार पडद्यावरून सांगत होतं की धान्य जास्त पिकवा, बचत करा, युद्ध आपलं आहे. युद्ध आपलं आहे की नाही हे तर कुणी विचारलंच नव्हतं. त्यातही हातमाग, हस्तकला, गावाकडचं जीवन अशा विषयांवरच्या काही फिल्म चांगल्या होत्या. त्या काळी त्या फुकट गेल्या, पण आज दस्तऐवज म्हणून मोलाच्या आहेत.

आणि १९४३ हेच बंगालच्या दुष्काळाचं साल. अंदाजे तीस लाख माणसं त्यात गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पॉल रोथाचा ‘वर्ल्ड ऑफ प्लेंटी’ हा अतिशय हुशारीने केलेला माहितीपट आला. जगात अन्न पुरेसं पिकू शकतं, प्रश्न वाटपाचा आहे, असं तो आकडे मांडून पटवतो. ब्रिटिश रेशनचं उदाहरण देतो. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त त्याच सरकारच्या ताब्यातल्या कलकत्त्याच्या फुटपाथवर तो लागू झाला नाही. दुष्काळाची दाहकता जगासमोर आणली ती ऑगस्ट १९४३ मध्ये ‘स्टेट्समन’ या दैनिकाने छापलेल्या छायाचित्रांनी. या दुष्काळावरचा लक्षात राहिलेला चित्रपटही सरकारी नव्हे. तो ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेच्या मंडळींना घेऊन १९४६ मध्ये केलेला ‘धरती के लाल’.

म्हणून माझं मत सांगतो. कंट्रोलच्या दुकानात माल असेल आणि तो साहेबालाही तेवढाच मिळत असेल, तर पडद्यावरचा कोबीही लोकांना पटतो. दुकान रिकामं असेल तर शांतारामांसारखा कसबी माणूस बसवला तरी काही चालत नाही.

इन्फर्मेशन फिल्म्सचा कारभार युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये आटोपला. परक्या सरकारचं प्रचारयंत्र म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींना त्याचा राग होता. पण स्वतंत्र भारताच्या सरकारने १९४८ मध्ये मुंबईतच फिल्म्स डिव्हिजन काढलं, आणि थिएटरवाल्यांवरची सक्तीही पुढे कित्येक दशकं तशीच चालू ठेवली. मुख्य चित्रपटाआधीचा तो काळा-पांढरा माहितीपट सुरू झाला की बाहेर जाऊन वडा खाणारे आपण सगळेच या इतिहासाचे साक्षीदार.

प्रश्न : गाजर खाल्ल्याने अंधारात दिसतं, ही युद्धात मुद्दाम उठवलेली आवई होती असं वाचलं. खरं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अर्धं खरं. ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर रातांधळेपणा येतो आणि गाजराने फरक पडतो. निरोगी माणसाने टोपलीभर गाजरं खाल्ली तरी त्याला मांजराची नजर येत नाही. ब्रिटिश वैमानिक रात्री जर्मन विमानं टिपू लागले, ते विमानात बसवलेल्या रडारमुळे. सरकारने मात्र त्यांच्या गाजर खाण्याचं कौतुक छापू दिलं. त्याच सुमारास गाजराचं पीक बेसुमार आलेलं, ते खपवायचं होतंच. ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं एक पात्रही अन्न मंत्रालयाने तयार केलं होतं. जर्मन या थापेला फसले, असं सांगतात, पण त्याला ठोस पुरावा नाही. फसली ती पुढच्या दोन पिढ्यांतली मुलं, आपल्याकडचीसुद्धा.

प्रश्न : ब्रिटनमधलं रेशन केव्हा संपलं? आणि या फिल्म नीट बघायच्या तर कुठे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : युद्ध १९४५ मध्ये संपलं, रेशन नाही. उलट युद्धात कधीही रेशनवर नसलेला पाव १९४६ मध्ये रेशनवर आला आणि १९४८ पर्यंत राहिला. मांसावरचं शेवटचं नियंत्रण ४ जुलै १९५४ रोजी उठलं. जिंकलेल्या देशाला मोकळेपणाने मटण खायला आणखी नऊ वर्षं थांबावं लागलं.

ब्रिटिश लघुपट लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळांवर बरेच आहेत, त्यातले पुष्कळ फुकट. मॅसिंगहॅमपासून सुरुवात करा. इंग्रजी फारसं येत नसलं तरी अडत नाही. आपल्याकडच्या सरकारी चित्रपटांचा इतिहास मुंबईत पेडर रोडवरच्या गुलशन महालात, भारतीय सिनेमाच्या राष्ट्रीय संग्रहालयात बघता येतो. अभ्यास करायचा असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दोन्हीकडे जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि पुण्यात फिल्म बघायची असेल तर आधी रीतसर अर्ज करा.